जस्ताच्या पट्टीला ‘धनाग्र’ म्हणू नका

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत गेल्या आठवड्यात बॅटरी कशी चालते ते सांगणारा मजकूर आला. त्यासोबत डॅनियल घटाचं चित्र होतं. दोन चंचुपात्रं, एकात जस्ताची पट्टी, दुसऱ्यात तांब्याची, मधे यू आकाराची नळी आणि वर व्होल्टमीटर. चित्र मन लावून काढलेलं आहे. मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या सल्फेटचं, द्रावण निळं, जस्ताच्या सल्फेटचं रंगहीन, हेसुद्धा बरोबर दाखवलंय. पण जस्ताच्या पट्टीखाली ‘धनाग्र’ असं छापलंय आणि त्याच पट्टीच्या वरच्या टोकाला वजा चिन्ह आहे. तांब्याखाली ‘ऋणाग्र’, आणि वर अधिक चिन्ह. धन म्हणजे अधिक आणि ऋण म्हणजे वजा, हे कुठल्याही मुलाला ठाऊक असतं. हे चित्र बघून त्यानं काय समजायचं?

मी ३१ वर्षं एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. शिकवणं माझं काम नव्हतं. पट्ट्या पॉलिश पेपरनं घासून ठेवायच्या, द्रावणं करायची, नळ्यांत अगर (थंड झाल्यावर जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) भरायचं, प्रयोग संपला की सगळं धुऊन जागच्या जागी लावायचं, हे माझं काम. हा घट मी किती वेळा मांडला असेल याची मोजदाद नाही. त्यामुळे या दोन शब्दांनी मुलांचा किती गोंधळ होतो, हे मी फार जवळून पाहिलंय, आणि म्हणूनच हे पत्र.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. प्रयोगाचं टेबल मांडताना मीच वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहून चंचुपात्रांना चिकटवल्या होत्या. जस्ताला ‘धनाग्र’, तांब्याला ‘ऋणाग्र’, अगदी पुस्तकात होतं तसं. एका मुलीनं ‘धनाग्र’ वाचलं आणि व्होल्टमीटरची अधिक खुणेची लाल वायर सरळ जस्ताला लावली. त्या मीटरचा शून्य डाव्या कडेला होता. काटा उजवीकडे जायच्या ऐवजी डावीकडच्या खुंटीवर जाऊन दाबून बसला. तिला वाटलं मीटर बिघडला. मी दुसरा दिला, तोही तसाच. मग ती म्हणाली, “बाई, चिठ्ठी चुकली की काटा चुकला?” मला उत्तर देता आलं नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, “या घटात ते उलटं असतं, पाठ करायला सांगा.” तिनं पाठ केलं असेल. माझं मात्र समाधान झालं नाही.

काटा चुकला नव्हता, आणि खरं तर उलटंही काही नव्हतं.

हा घट म्हणजे दोन अर्ध्या अभिक्रियांची जोडी. जस्ताच्या बाजूला जस्ताचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन पट्टीतच मागे ठेवतो आणि स्वतः दोन धनप्रभारांचा आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू, होऊन द्रावणात उतरतो. हे ऑक्सिडीकरण. तांब्याच्या बाजूला द्रावणात आधीपासून असलेला, दोन धनप्रभारांचा तांब्याचा आयन पट्टीपाशी येतो, तिच्यातून दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि धातूचा अणू होऊन तिथंच बसतो. हे क्षपण. देण्याची जागा एक, घेण्याची जागा दुसरी, आणि मधली वाट तारेची. जस्ताच्या पट्टीत सुटलेले इलेक्ट्रॉन साचतात म्हणून ती ऋण. तांब्याच्या पट्टीतले इलेक्ट्रॉन आयन ओढून घेतात म्हणून ती तिच्या मानाने धन. काटा हेच सांगत होता. जस्त-तांब्याच्या घटाचा विद्युतदाब प्रमाण स्थितीत १.१० व्होल्ट भरतो. आमच्या टेबलावर तो त्याहून थोडा कमी यायचा.

अर्ध्या अभिक्रिया म्हणजे नक्की काय, हे मुलांना पटवायची एक साधी रीत मला सापडली होती. घट मांडण्याआधी जस्ताची एक घासलेली पट्टी सरळ मोरचुदाच्या द्रावणात बुडवायची. घासलेलं जस्त चंदेरी दिसतं. बुडवल्याबरोबर ते काळपट होतं, मग तपकिरी, आणि थोड्या वेळात पट्टीवर ओल्या काजळीसारखा भुसभुशीत थर धरतो. ते तांबं असतं, पण इतकं बारीक आणि विस्कळीत की तांब्याचा रंग ओळखू येत नाही. पट्टी हलवली की त्याचे तुकडे गळून तळाशी जातात. पुरेसं जस्त असेल तर काही तासांत निळा रंग फिका पडतो आणि चंचुपात्र हाताला किंचित कोमट लागतं. इथंही तेच देणं आणि तेच घेणं चाललेलं असतं. पण दोघं एकमेकांना खेटून असल्यामुळे इलेक्ट्रॉन जागच्या जागी हातोहात दिले जातात. तारेतून जायला काही उरत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. त्यानंतर घट दाखवायचा आणि सांगायचं, की तीच अभिक्रिया आता आपण मधोमध कापून दोन भांड्यांत ठेवली आहे. देणारा इकडे, घेणारा तिकडे. इलेक्ट्रॉनला जायचं असेल तर तारेतूनच जावं लागेल, आणि जाता जाता त्याच्याकडून काम करून घेता येईल. जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ मध्ये लंडनमध्ये केलेली करामत ती हीच. मुलांचे डोळे चमकायचे ते ‘मधोमध कापून’ या शब्दांना.

आता ‘धनाग्र’ कुठून आलं ते सांगते. शाळेत आपण आधी विद्युत अपघटन, म्हणजे द्रावणातून वीज सोडून पदार्थ वेगळे करणं, शिकतो. तिथं बाहेरची बॅटरी जोडलेली असते, आणि जिथं ऑक्सिडीकरण होतं तो अग्र, म्हणजे ॲनोड, बॅटरीच्या धन टोकाला लावलेला असतो; जिथं क्षपण होतं तो कॅथोड. तिथं ॲनोड खरोखरच धन असतो, म्हणून ॲनोडला मराठीत ‘धनाग्र’ हे नाव पडलं आणि कॅथोडला ‘ऋणाग्र’. त्या धड्यापुरतं ते बरोबर बसतं. पुढे विद्युतघट शिकायला येतो तेव्हा तोच शब्द सोबत येतो आणि बोलेल ते खोटं होतं. कारण घटात ऑक्सिडीकरण ऋण पट्टीवर होतं. मूळ शब्दात मात्र हा घोळ नव्हता, आणि याचीच मला जास्त खंत वाटते.

ॲनोड आणि कॅथोड हे शब्द मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये वापरात आणले. केंब्रिजचे विद्वान विल्यम व्हेवेल यांच्याशी पत्रव्यवहार करून ते ग्रीक भाषेतून घडवले. ॲनोड म्हणजे वरची वाट, कॅथोड म्हणजे खालची वाट. यामागे कल्पना होती सूर्याची. पृथ्वीभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे विद्युतप्रवाह फिरतोय असं धरायचं आणि आपलं उपकरण त्याच दिशेनं ठेवायचं. मग प्रवाह द्रावणात शिरतो ती बाजू उगवतीची, म्हणजे ॲनोड, आणि बाहेर पडतो ती मावळतीची, म्हणजे कॅथोड. फॅरेडे यांनी हा खटाटोप केला कारण त्यांना ‘धन’ आणि ‘ऋण’ या खुणांवर नावं टांगायची नव्हती. विजेच्या स्वरूपाबद्दलची समजूत पुढे बदलली तरी नाव खोटं पडू नये, अशी त्यांची इच्छा होती. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसन यांच्या हातून. म्हणजे ज्याचा पत्ताच नव्हता त्याच्यासाठीसुद्धा फॅरेडे यांनी जागा मोकळी ठेवली होती. ते शब्द आजही दोन्हीकडे चालतात, घटात आणि अपघटनातही. आपण भाषांतर करताना जी गोष्ट त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवली होती तीच नेमकी आत घेतली.

कुणी म्हणेल, मग घटापुरती नावं उलटी करा, जस्ताला ‘ऋणाग्र’ म्हणा म्हणजे झालं. तसंही भागत नाही. याच डॅनियल घटाला बाहेरून १.१० व्होल्टपेक्षा जास्त दाबाची बॅटरी जोडा, धन टोक तांब्याला आणि ऋण टोक जस्ताला. आता इलेक्ट्रॉन उलटे ढकलले जातात. तांबं विरघळायला लागतं आणि जस्ताच्या पट्टीवर जस्त बसायला लागतं. जस्त अजूनही ऋणच आहे, तांबं अजूनही धनच आहे, खुणा जराही हलल्या नाहीत. पण ऑक्सिडीकरण जस्तावरून उठून तांब्यावर गेलं, म्हणजे ॲनोड बदलला. ज्या बॅटऱ्या आपण पुन्हा पुन्हा चार्ज करतो त्या सगळ्यांत हेच होतं. शिसे-आम्ल बॅटरीच्या टोकांवर अधिक-वजा कायमचं कोरलेलं असतं आणि ते बरोबरच राहतं. बॅटरी वापरताना ऋण पाटीवर शिशाचं ऑक्सिडीकरण होऊन शिशाचं सल्फेट बनतं. चार्ज करताना त्याच पाटीवर त्या सल्फेटचं क्षपण होऊन पुन्हा शिसं मिळतं. पाटी तीच, खूण तीच, काम दोन. म्हणून ॲनोडची ओळख खुणेवरून करायची नाही, तिथं काय घडतंय त्यावरून करायची.

धातूवरूनही नाही. जस्तासोबत ठेवलेलं तांबं घेण्याची जागा असतं. तेच तांबं चांदीसोबत ठेवलं की देणारं होतं. हा प्रयोग फार देखणा आहे. तांब्याची तार गुंडाळून सिल्व्हर नायट्रेटच्या रंगहीन द्रावणात सोडली की काही मिनिटांत तिच्यावर राखाडी लव धरते, तासाभरात तिच्या चमकत्या सुया होतात, झाडाच्या बारीक फांद्यांसारख्या, आणि द्रावण हळूहळू निळसर होतं. त्या निळाईत तांब्यानं काय दिलं ते दिसतं, त्या सुयांत चांदीच्या आयनांनी काय घेतलं ते दिसतं. दोन वेगळ्या भांड्यांत मांडला तर या घटाचा दाब येतो ०.४६ व्होल्ट. चांदीच्या अर्ध्या अभिक्रियेचे ०.८० व्होल्ट वजा तांब्याच्या अर्ध्या अभिक्रियेचे ०.३४. इथं मुलं हटकून एक चूक करतात. चांदीचा आयन एकच इलेक्ट्रॉन घेतो आणि तांबं दोन देतं, म्हणून चांदीची अर्धी अभिक्रिया दोननं गुणायची असते. तेवढ्यावर न थांबता ती ०.८० लाही दोननं गुणतात. इलेक्ट्रॉन गुणायचे, व्होल्ट नाही. दोन हंडे भरून पाणी सोडलं म्हणून टाकीची उंची दुप्पट होत नाही. (आणि हो, या घटाच्या नळीत पोटॅशियम क्लोराइड भरू नये. नळीच्या तोंडाशी चांदीच्या क्लोराइडचा पांढरा साका धरतो. मी एकदा भरलं होतं आणि अख्ख्या तुकडीचा प्रयोग वाया गेला. नायट्रेटच हवं.)

नळीवरून आठवलं. आपल्या चित्रात दुसरीही चूक आहे. मधल्या नळीतून इलेक्ट्रॉनचा बाण तांब्याकडून जस्ताकडे परत येताना दाखवलाय. असा फेरा पूर्ण करायची ओढ मलाही समजते, पण इलेक्ट्रॉन त्या नळीतून जात नाहीत. तिथं आयन चालतात. जस्ताच्या भांड्यात जस्ताचे धन आयन वाढत जातात, तांब्याच्या भांड्यात तांब्याचे आयन कमी होऊन सल्फेटचे ऋण आयन जास्तीचे उरतात. हा तोल सांभाळायला नळीतले नायट्रेट आयन जस्ताकडे सरकतात आणि पोटॅशियमचे तांब्याकडे. पोटॅशियम नायट्रेट निवडायचं ते यासाठी, की या दोन आयनांचा पाण्यातला वेग जवळजवळ सारखा असतो. मी अगर पाण्यात उकळून, त्यात ते विरघळवून, गरम असतानाच नळीत ओतायची. ओतताना वळणाच्या जागी हवेचा बुडबुडा अडकला तर वरून सगळं ठीक दिसतं आणि काटा ढिम्म हलत नाही. हाताच्या नखाएवढा बुडबुडा, पण आयनांची वाट तुटते आणि दोन्ही अर्ध्या अभिक्रिया जागच्या जागी थांबतात. चालू घटातून नळी उचलली की काटा धपकन शून्यावर येतो आणि परत ठेवली की उठतो. हे मुलांना स्वतःच्या हातानं करू द्यायला हवं.

‘क्षपण’ या शब्दाबद्दलही थोडं बोलते, कारण मुलं तिथंही अडखळतात. क्षपण म्हणजे क्षय, कमी होणं. आणि होतं काय, तर इलेक्ट्रॉन मिळतात. मिळालं तर कमी कसं? कमी होतो तो धनप्रभार. तांब्याच्या आयनाचा अधिक दोन होता, त्याचा शून्य झाला. एवढं एक वाक्य सांगितलं की शब्द आपोआप जागेवर बसतो. ऑक्सिडीकरणाचंही तसंच, त्या नावात ऑक्सिजन आहे पण डॅनियल घटातल्या जस्ताला ऑक्सिजन लागत नाही. हे दोन्ही शब्द जुन्या काळच्या समजुतीतून आलेत, तरी ते खोटं बोलत नाहीत, फक्त थोडं समजावून घ्यावं लागतं. ‘धनाग्र’ मात्र घटात सरळ खोटं बोलतो. म्हणून माझा आग्रह त्या एकाच जोडीपुरता आहे.

तो आग्रह का, तेही सांगते. एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलाला विचारलं, “जस्ताची पट्टी धन की ऋण?” तो म्हणाला, “ऋण.” “आणि ऑक्सिडीकरण कुठं होतं?” तो म्हणाला, “जस्तावर.” परीक्षक म्हणाले, “ऑक्सिडीकरण धनाग्रावर होतं. दोन्हींतलं एक उत्तर चूक आहे, कोणतं?” मुलगा गोंधळला. त्यानं समोरच्या काट्याकडे बघितलं, काटा बरोबर बाजूला होता. त्याची दोन्ही उत्तरं बरोबर होती. तरी त्यानं घाबरून पहिलं उत्तर बदललं, “धन” म्हणाला, आणि त्याचे गुण गेले. मी चार हातांवर पाण्याची पिचकारी-बाटली हातात धरून उभी होते. मला उत्तर माहीत होतं. सहायकानं तोंडी परीक्षेत बोलायचं नसतं म्हणून मी बोलले नाही. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.

त्यानंतर मी टेबलावरच्या चिठ्ठ्या बदलल्या. जस्ताच्या भांड्यावर ‘ॲनोड: इथं ऑक्सिडीकरण, इलेक्ट्रॉन दिले जातात’. तांब्याच्या भांड्यावर ‘कॅथोड: इथं क्षपण, इलेक्ट्रॉन घेतले जातात’. अधिक-वजाच्या खुणा वेगळ्या, लाल खडूनं टेबलावर. लाल वायर चुकीच्या पट्टीला लागायची बंद झाली. शेवटी पट्ट्या धुऊन, वाळवून, वजन करायला लावायचे. नळीऐवजी सच्छिद्र भांडं वापरलेला घट असेल आणि तासभर १०० मिलिअँपिअरचा प्रवाह चालू ठेवला, तर हिशोबानं जस्त १२२ मिलिग्रॅमनं घटायला हवं आणि तांबं ११९ मिलिग्रॅमनं वाढायला हवं. जितके इलेक्ट्रॉन एकानं दिले तितकेच दुसऱ्यानं घेतले. अणू दोन्हीकडे सारखेच, फक्त जस्ताचा अणू किंचित जड, म्हणून तीन मिलिग्रॅमचा फरक. तराजूवरचे आकडे हिशोबाच्या जवळ आले की मुलं एकमेकांना हाका मारून दाखवायची.

संपादक महोदय, आपली पुरवणी घराघरांत मुलं कापून वहीत चिकटवतात. म्हणून विनंती आहे, की तेच चित्र दुरुस्त करून पुन्हा छापावं. ‘धनाग्र’ आणि ‘ऋणाग्र’ काढून ॲनोड आणि कॅथोड लिहावं, नळीतला इलेक्ट्रॉनचा बाण खोडून तिथं आयनांचे दोन बाण दोन दिशांना दाखवावेत, आणि प्रत्येक भांड्याखाली तिथली अर्धी अभिक्रिया लिहावी. जागा कमी पडली तर व्होल्टमीटर लहान काढा, अर्ध्या अभिक्रिया मात्र वगळू नका.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक